एका चंद्राच्या दोन दशम्या

परवा जुफैरच्या आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात दूध आणायला उतरले, तर दारातच खजुराच्या पातीच्या इवल्या टोपल्या टांगलेल्या. प्रत्येकीत मूठभर माती आणि मातीतून वर आलेले गव्हाचे बोटभर कोंब. बाहेर ऊन असं, की गाडीचं दार उघडायला हातात रुमाल धरावा लागतो. आणि त्या उन्हाला लागूनच हे पोपटी, ओलसर गवत. मी वाकून वास घेतला. दुकानदार केरळी. सवयीनं म्हणाला, “हिय्या बिय्या, मॅडम. बच्चा लोग के लिए.” मला काय सांगतोस बाबा, असं म्हणणार होते, पण नुसतं कोंबांवरून बोट फिरवलं. दूध न घेताच वर आले.

हिय्या बिय्या हा इथल्या, बहरीनच्या मुलांचा सण. बकरी ईदच्या आठ-नऊ दिवस आधी मुलं अशा टोपलीत गहू नाहीतर जव पेरतात, खिडकीत टांगतात, रोज पाणी घालतात, रोपाशी गप्पा मारतात. ईदच्या आदल्या दिवशी सूर्य कलला की समुद्रावर जाऊन ती टोपली पाण्यात सोडून देतात. जिवापाड जपलेलं आपल्याच हातानं सोडायचं. आठ वर्षांच्या पोराला हे असं खेळता खेळता शिकवणारी माणसं किती शहाणी असतील, असं मला दरवर्षी नव्यानं वाटतं.

आपल्या पंचांगात अधिक महिन्याची सोय आहे. चंद्राचं वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं, ते आपण मधूनच एक महिना जादा घालून ऋतूशी पुन्हा जुळवून घेतो. म्हणून दसरा झेंडूच्याच दिवसांत येतो. यांनी ती सोय ठेवली नाही. यांची ईद थंडी, ऊन, वारा सगळ्यांतून हिंडत राहते. यंदा ती ऐन अधिक महिन्यात, भर उन्हाळ्यात आली आहे. बारा वर्षांपूर्वी हिंडत हिंडत ती आमच्या आश्विनात येऊन थांबली होती. अमावास्या सरली आणि आमचे घट बसले. चंद्रकोर दिसली आणि त्यांचा ईदचा महिना लागला. आमचा दसरा दशमीचा, त्यांची ईदही महिन्याच्या दहाव्या दिवसाची. आपण प्रतिपदा पंचांगात बघतो, ते कोर आभाळात बघतात, म्हणून एका दिवसाचं अंतर. बाकी चंद्र तोच. इतकी वर्षं इथं काढून हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मान वर करून बघितलं असतं तर आलं असतं.

तेव्हा आम्ही नईममध्ये राहायचो. जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी एसीचं पाणी ठिबकणारं. कोपऱ्यावरच्या भट्टीत पहाटेपासून रोट लागायचे आणि त्यांचा खरपूस वास आमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सरळ आत यायचा. आमच्या भिंतीला भिंत लावून उम्म जासिमचं घर. साठी ओलांडलेली, भरदार बांध्याची बाई. थोरल्या मुलाच्या, जासिमच्या नावानं सगळे तिला हाक मारायचे; उम्म म्हणजे आई. मुलं हमद टाउनला राहायला गेली, ही मात्र नईम सोडायला तयार नव्हती. तिची नात नूर शाळा सुटली की आजीकडे यायची आणि आमची सानिका शाळेची बॅग फेकून तिच्याकडे. दोघी आठ वर्षांच्या. त्या घरातला वाळवलेल्या लिंबाचा आणि वेलदोड्याचा वास सानिकाच्या केसांना लागायचा. संध्याकाळी वेणी घालताना मी तो ओळखायचे आणि मला उगीचच असूया वाटायची.

सानिका बहरीनमध्येच जन्मली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. नूरशी अरबी, किराणावाल्याशी हिंदी, बापाशी लाडात यायची तेव्हा तिन्हींचं मिश्रण. उन्हाळ्यात नाशिकला गेलो की चुलत भावंडं तिच्या ‘ळ’वर हसायची. शनिवारी इथल्या एका घरी मुलांचा मराठीचा वर्ग भरायचा. तिथं ‘माझे गाव’ असा निबंध दिला, तर हिनं लिहिलं, ‘माझे गाव नईम आहे. माझ्या गावात नदी नाही. एसीचे पाणी आहे. मांजरी ते पितात.’ मी कौतुकानं वहीचा फोटो काढून नाशिकला माझ्या नणंदेला पाठवला. ते कौतुक मला चांगलंच भोवलं.

उषाताई म्हणजे मकरंदची, माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. यजमान जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही, तीन खोल्यांच्या घरात एकटी. फोटो बघून तिचा तासाभरात फोन आला.

“मुलीला स्वतःचं गाव माहीत नाही, आणि तू हसतेस? चार भाषा म्हणे. एक ना धड, भाराभर चिंध्या. माझ्याकडे पाठव तिला. इथली मुलगी म्हणून वाढेल.”

मकरंदलाही ते पटलं. “ताई चूक नाही गं,” तो म्हणाला. “इथं माझी नोकरी संपली की व्हिसा खलास. कधीतरी जायचंच आहे, तर मुळं धरायच्या वयातच गेलेली बरी.” उषाताईनं आपल्या जुन्या शाळेत जूनपासूनची जागाही बोलून ठेवली. नवरात्रात ती येणार, सगळं पक्कं करणार, आणि आम्ही फक्त मान हलवायची. मी हलवलीही. सानिका कुठली, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी चार फायली भलत्याच कपाटात लावल्या.

माझं ऑफिस म्हणजे हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाची खिडकी. आजही तिथंच बसते. फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा एकच रकाना असतो. तिथं ‘इंडियन’ लिहून देणाऱ्या मुली मी रोज बघते. वसईच्या नर्सची मुलगी, पुण्याच्या इंजिनिअरची मुलगी, सगळ्यांच्या आया एक भाषा बोलताना चाचरतात आणि या पोरी खिडकीशी माझ्याशी मराठी, वळून आईशी इंग्रजी, मागच्या बाईला अरबीत ‘तुम्ही पुढे व्हा’ असं एका दमात बोलून मोकळ्या होतात. सांधा कुठे दिसत नाही. पूर्वी मला त्यांची काळजी वाटायची. आता नुसतं बघत राहावंसं वाटतं.

उषाताई आली ती शेतातली काळी माती घेऊन. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन किलो माती! “वाळूत घट बसवणार होतात का?” हे तिचं म्हणणं. विमानतळावर अधिकाऱ्यानं डबा उघडायला लावला. मकरंद घामाघूम. ही पूजेची माती, हिच्यात धान्य पेरतो, नऊ दिवस ठेवतो, असं त्यानं अरबी-इंग्रजीत कसंबसं सांगितलं. तो तरुण अधिकारी डब्यात वाकला, वास घेतला, चिमूटभर माती बोटांत चुरून बघितली आणि झाकण लावून म्हणाला, “यल्ला, गो.” उषाताईला वाटलं, आपल्या वयाकडे बघून सोडलं. मला मात्र त्याचा तो वास घेतानाचा चेहरा आठवत राहिला. त्यालाही कसलीतरी टोपली आठवली असेल, हे कळायला मला आणखी दहा दिवस लागायचे होते.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चौरंगावर परडी मांडली. काळी माती, सात धान्यं, वर तांब्या, आंब्याची पानं, नारळ, शेजारी अखंड दिवा. मनामाच्या बाजारातून मकरंद रोज झेंडूची माळ आणायचा. आमच्या घराण्यात दसऱ्याला दिवेलागणीच्या वेळी घट उठवतात. तोवर तो हलवायचा नाही, असं उषाताईनं सानिकाला बजावलं. आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत नूर धावत आली ती दोन टोपल्या घेऊन, एक तिची, एक सानिकाची. सानिकाची टोपली खिडकीच्या गजाला लटकली.

“हे काय?” उषाताईनं विचारलं.

“इथल्या मुलांचा खेळ आहे,” मी म्हणाले. मला खरंच तेवढंच वाटत होतं.

मग आठ-नऊ दिवस आमच्या घरात दोन हिरवळी वाढत होत्या. कोपऱ्यातली सावलीतली, पिवळसर, नाजूक; खिडकीतली उन्हातली, तरतरीत. सानिका सकाळी उठून भातुकलीतल्या कपानं दोन्हींना पाणी घालायची, चार कप हिला, चार कप तिला, भांडण नको. पट्टी घेऊन उंची मोजायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. खिडकीतल्या टोपलीशी ती अरबीत बोलायची, एखाद्या धाकट्या बहिणीला दटावावं तसं. आणि कोपऱ्यात घटापुढे बसली की मराठीत. “झोप झाली का? थंडी वाजते? एसी बंद करू?” माझ्याशी कधी न बोललेलं मराठी! ‘ळ’ लागत नव्हता, पण सूर थेट माझ्या आईचा. मी तिला तो कधी शिकवला नव्हता. हातातली उलथनी तशीच धरून मी उभी राहायचे आणि पोळी करपायची.

उषाताईलाही ते ऐकू जात होतं, पण ती वेगळाच हिशेब मांडत होती. “बघ, महिनाभर माझ्याकडे राहिली तर घडाघडा बोलेल,” ती म्हणायची. जून महिना जवळ येत चाललाय असं मला ऑक्टोबरातच वाटायला लागलं. सानिकाला यातलं काही सांगितलं नव्हतं. मोठ्यांनी ठरवायचं आणि मग मुलांना समजावायचं, ही आपली रीतच.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी आला. सुट्टीचा दिवस. दुपारी चारच्या सुमाराला सानिका नूरबरोबर समुद्रावर जाते म्हणाली. उम्म जासिम दोघींना नेणार होती. मी हो म्हटलं. मी पुऱ्या लाटत होते, मकरंद गाडी धूत होता, उषाताई श्रीखंडात केशर घोटत होती. घट उठवायच्या आधीचा नैवेद्य. तिनं ताट वाढलं, पदर नीट केला आणि ताट घेऊन बाहेर गेली. मग काहीच आवाज आला नाही म्हणून मी मागोमाग गेले.

चौरंगावर तांब्या होता. नारळ होता. दिवा जळत होता. परडी नव्हती. तांब्या अगदी अलगद उचलून बाजूला ठेवला होता, खाली वर्तमानपत्र घालून, चौरंग ओला होऊ नये म्हणून. ताट हातात धरून उषाताई उभी. खिडकीचा गजही रिकामा.

मी उम्म जासिमला फोन लावला. वाऱ्याचा आणि पोरांच्या गोंगाटाचा आवाज येत होता. “सिस्टर, सानी दो लाया,” ती तिच्या तोडक्या हिंदीत म्हणाली. “एक सानी का, एक आत्या का. छोटी बिंत बोला आत्या बिझी, हम उसका भी डालेगा. हम सोचा तुमको मालूम.”

तसेच गाडीत बसलो. दहा मिनिटांचा रस्ता. उषाताई मागं बसली होती, ओठ घट्ट मिटून. पूर्वजांपासून चालत आलेला घट उत्तरपूजेविना, नैवेद्याविना, आठ वर्षांच्या पोरीनं उचलून नेला. आता ही मुलगी इथं एक दिवस राहणं नाही, हे मी तिच्या न बोलण्यातून ऐकत होते. मी मनातल्या मनात सानिकाची बॅगसुद्धा भरली. आठवतं ते एवढंच, की रस्त्याकडेच्या खजुरांवर धूळ होती आणि मी ती बघत बसले होते.

आणि मग समुद्र दिसला.

किनाऱ्यावर शंभरेक तरी मुलं असतील. मुली जरीच्या हिरव्या-लाल झग्यात, मुलगे पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबमध्ये, सगळी गुडघाभर पाण्यात. ओहोटीचं शांत पाणी, त्यावर पश्चिमेचा उजेड, आणि त्या उजेडात तरंगत निघालेल्या टोपल्याच टोपल्या. एवढाले हिरवे ठिपके, हलत, एकमेकींना लागत, दूर जात. मुलं गात होती. एवढी वर्षं मी या गावात राहिले आणि ‘त्यांचा खेळ’ म्हणून हे बघायला कधी आले नव्हते.

उषाताई वाळूत थबकली. चपला हातात घेतलेल्या. त्या पाण्याकडे बघत अगदी हळू म्हणाली, “इथंही घट बसतात?”

आमची परडी त्या टोपल्यांच्या मध्ये कुठेतरी चालली होती, जराशी मोठी, पिवळ्या कोंबांची, एका बाजूला कललेली. काळी माती पाण्यात विरघळून मागं एक रेघ उमटत होती.

सानिकानं आम्हाला बघितलं आणि पाणी उडवत पळत आली. बूट-मोजे घालूनच पाण्यात शिरली होती. अपराधाचा मागमूस नाही. उलट शाबासकी घ्यायला आलेली.

“आत्या, तुझं पण सोडलं. You were busy, ना? सूर्य बुडाला असता.”

“सोडताना काय म्हणालीस?” उषाताईनं विचारलं. आवाजात मुख्याध्यापिका होती, पण थकलेली.

“नूरचं गाणं म्हटलं. मग तुझ्यावालीला मराठीत सांगितलं.” सानिका जरा थांबली. “ती घाबरली होती, तिला पोहता येत नाही. मी म्हटलं, जाते म्हणू नकोस, येते म्हण.”

उषाताई वाळूतच बसली. मकरंदला वाटलं चक्कर आली, तो धावला. उम्म जासिम पाण्याची बाटली घेऊन आली; काहीतरी चुकलंय एवढं तिला उमगलं होतं. मी तिला सांगितलं, की घरी देवापुढे ठेवायला आणि डोक्यात खोवायला थोडे कोंब हवे होते. तिनं काही न विचारता नूरकडे बघितलं. नूरची टोपली अजून तिच्या हातात होती. शेवटपर्यंत सोडवत नसलेल्या मुलांपैकी ती. तिनं आजीकडे बघितलं, सानिकाकडे बघितलं, आणि टोपलीतले निम्मे कोंब मुळांसकट उपसून उषाताईच्या ओंजळीत ठेवले.

“मफी मुश्किल, आत्या,” नूर म्हणाली; म्हणजे काही हरकत नाही. ती आत्या हा शब्द नावासारखाच वापरायची.

उषाताईनं त्यातले चार मकरंदच्या कानामागं लावले, चार माझ्या केसांत, चार स्वतःच्या अंबाड्यात. मग सानिकाच्या वेणीत. मग क्षणभर घुटमळून नूरच्या. उम्म जासिमनं अबायाखालून हात पुढे केला, तेव्हा तिच्या तळव्यावर. अरबी मातीतला गहू नाशिकच्या देवीला चालेल का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करतात म्हणून ऐकत आले होते. ते असं पायाखालून होऊन जातं, आणि माणसाला कळतसुद्धा नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

अलीकडेच मी सानिकाला त्या दिवसाबद्दल विचारलं. आता वीस वर्षांची आहे. म्हणाली, “मला फक्त ओले बूट आठवतात, आई. आणि तुम्ही सगळे इतके सीरियस का होतात ते कळलं नव्हतं.” जिच्यावरून एवढं रामायण झालं, तिला त्याचा पत्ताच नाही. बरंच झालं.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. नूरचे कोंब देव्हाऱ्यात ठेवले, नैवेद्य दाखवला, पानं मांडली. सानिका आत्याच्या शेजारी बसली. दोन घास झाले आणि उषाताईनं मला-मकरंदला न विचारता, आम्ही दोन महिने ज्याला हात लावला नव्हता तो प्रश्न सरळ तिलाच विचारला.

“सानिका, माझ्याकडे येतेस नाशिकला? राहायला? तिथल्या शाळेत?”

माझा हात पानावर थांबला. मकरंदनं मान खाली घातली. सानिका पुरीचा फुगा बोटानं फोडत विचार करत होती. तिच्या विचाराला किती वेळ लागला, देव जाणे. मला तो दसऱ्यापासून जूनपर्यंतचा वाटला.

“आत्या,” ती म्हणाली, “तुला तिथं एकटं वाटतं का?”

मराठीत. इंग्रजीचा एक शब्द नाही.

उषाताईनं पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला.

“मग मी सुट्टीत येते. सगळी सुट्टी. पण आई-बाबा इथे आहेत ना. आणि नूर.”

“बरं,” उषाताई म्हणाली. मग भावाकडे वळली. “मकरंद, मी गेल्यावर शाळेत कळवते. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे.”

“अगं ताई, पण तिचं मराठी, तिचे संस्कार, तूच म्हणत होतीस...”

“म्हणत होते,” उषाताई म्हणाली. “एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय, असं सांगायची लाज वाटली. म्हणून संस्कार म्हणाले.”

आणि तिनं सानिकाच्या पानात आणखी एक पुरी वाढली.